एकदा बंद केलं की सगळीकडं बंद

वाळूजच्या त्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरला चार चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. एक हजेरीची, एक गेटपासची, एक कॅन्टीनची आणि एक स्टोअरची. प्रत्येकीवर वेगळा पासवर्ड, काळ्या स्केचपेननं, नको इतक्या मोठ्या अक्षरात. त्या चिठ्ठ्यांची गरज संपवणं हे माझं काम होतं.

मी तेव्हा सिडकोतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही अकरा जण बसायचो. कारखान्याची चार अ‍ॅप्लिकेशन्स जावामध्ये लिहिलेली होती, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी. प्रत्येकाचं लॉगिन निराळं, माणसांची यादी निराळी. कुणी नोकरी सोडून गेला की त्याचं नाव एका यादीतून निघायचं आणि उरलेल्या तिन्हींत वर्षानुवर्षं पडून राहायचं. आता सगळ्यांना मिळून लॉगिन एकच करायचं ठरलं होतं. माणसानं सकाळी एकदा आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा, मधल्या एका सर्व्हरनं त्याची ओळख पटवायची, आणि चारही अ‍ॅप्लिकेशन्सनी त्या सर्व्हरच्या शब्दावर त्याला आत घ्यायचं. ऑफिसातल्या लोकांना शिवाय मोबाइलवर सहा आकडी कोड येणार होता, म्हणजे एकाच्या नावानं दुसऱ्याला शिरता येऊ नये. हे सगळं जोडून द्यायचं काम माझ्या एकट्याकडं होतं. मला त्याची लई मिजास होती, हे कबूल करायला हवं.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा चालू होता. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. जायकवाडीतलं तळाचं पाणी उपसत होते, नळ पाचव्या-सहाव्या दिवशी यायचा, आणि बीड बायपासला तरीही नव्या इमारतींचे स्लॅब पडतच होते. आमचं गाव वैजापूरकडं. वडिलांचा फोन आला की ते पिकापाण्याचा विषयच काढायचे नाहीत. "तुझं नीट चाललंय ना?" एवढंच विचारायचे आणि ठेवून द्यायचे. कारखान्याला पाणी टँकरनं यायचं. मागच्या गेटला टँकरांची रांग असायची, आणि आत येणाऱ्या प्रत्येक टँकरची नोंद स्टोअरच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये व्हायची.

टाइम ऑफिसात दोन माणसं असायची. एक कायम नोकरीतले क्लार्क, छप्पन वर्षांचे. खुलताबादचे. रोज बसनं घाट उतरून यायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, केसांना चापूनचोपून तेल. अख्खा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा. दुसरी एक बाई, तिशीच्या आतली, सफाईच्या कंत्राटावर घेतलेली. अंगावर कंत्राटदारानं दिलेला निळा अ‍ॅप्रन. मी तिला ताई म्हणायचो. ती अण्णांच्या शेजारी स्टुलावर बसायची, कीबोर्ड मात्र तिच्या पुढ्यात असायचा. अण्णा खुर्चीत मागं टेकून सांगायचे आणि ती टाइप करायची. मला वाटलं, जुना कारकून आहे, आपलं काम बाईवर ढकलून मजेत बसलाय.

अण्णा कामगारांना आवाजावरून ओळखायचे. खिडकीशी कुणी येऊन "अण्णा, माझी कालची हजेरी" एवढं म्हणाला की अण्णा मान न वळवता म्हणायचे, "सातशे बारा. दुसरी पाळी. जाताना पंच करायचा विसरला असशील." तोवर ताईनं सातशे बारा नंबर उघडलेला असायचा. अण्णा म्हणाले होते तसंच निघायचं. मी हे दोन-तीन वेळा पाहिलं आणि मनात म्हटलं, काय स्मरणशक्ती आहे माणसाची!

दुपारी अण्णा कॅन्टीनला जायचे. कंत्राटी माणसांना कॅन्टीनचं कार्ड नव्हतं, त्यामुळं ताई डबा आणायची. मीही माझा डबा तिथंच उघडायचो. तिच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा, कधी वाळलेल्या गवारीची भाजी. चार दिवसांनी ती मोकळी बोलायला लागली.

"आमी धनगर. मेंढरं व्हती आमची. खुलताबादच्या पल्याड गाव हाय."

"होती म्हणजे?"

"मागल्या दुष्काळात विकली. चारा छावणीत गाया-म्हशी घेत्यात. मेंढरं कोण घेतंय?"

नवरा बजाजनगरला मालाच्या गाड्या भरायच्या कामावर लागला आणि ती इथं झाडायला. टेबलं पुसता पुसता अण्णांची बोटं कीबोर्डवर कशी पडतात हे तिनं बघून ठेवलं. शाळा दहावीपर्यंत झालेली होती. "पैल्यांदा एक एक अक्षर हुडकायचे," ती म्हणाली, "आता बघावंबी लागत नाय." खरंच लागत नव्हतं. बोलता बोलता ती हजेरीचं पान भरायची आणि चूक सापडायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझं काम अडलं. लॉगिनचा सर्व्हर माणसाला ओळखत होता, ओळखीचा दाखला देऊन हजेरीच्या अ‍ॅप्लिकेशनकडं पाठवत होता, आणि अ‍ॅप्लिकेशन तो दाखला न स्वीकारता त्याला पुन्हा लॉगिनकडं धाडत होतं. पान नुसतं गरगर फिरत राहायचं. मी दाखल्यावरची सही तपासली, पत्ते तपासले, कॉन्फिगरेशनची फाइल ओळ न् ओळ वाचली. तीन दिवस गेले. आमच्या कंपनीच्या मालकांचे फोन यायला लागले.

तिसऱ्या दिवशी जेवताना ताई म्हणाली, "सर, ह्ये हजेरीचं मशीन सात मिन्टं मागं हाय. तुमाला सांगितलंय का कुणी?"

"कुठलं मशीन?"

"ते नाय का, पानावर वर टाइम दिसतो. तो खरा नाय. लोकांचं कमी-जास्त व्हतं म्हून आमी सात मिन्टं धरूनच चालतो."

मी भाकरी हातात तशीच ठेवून उठलो. लॉगिनच्या सर्व्हरचं घड्याळ बरोबर होतं. हजेरीचा सर्व्हर सात मिनिटं मागं होता. दहा वाजून सात मिनिटांनी दिलेला दाखला दहा वाजता हातात पडत होता, म्हणून हजेरीचं अ‍ॅप्लिकेशन म्हणत होतं, हा अजून लागू झालेला नाही. मी घड्याळ लावून घेतलं आणि पान एका झटक्यात उघडलं. तीन दिवसांनी मला हसू आलं. अण्णा तेवढ्यात कॅन्टीनहून आले. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "हिला सगळं कळतं, इंजिनिअरसाहेब. मीच इथं नावाला आहे." मी ते बोलणं गमतीवर नेलं.

मग ऑफिसच्या लोकांचे मोबाइल नंबर गोळा करायचे होते. सगळ्यांचे आले, अण्णांचा येईना. "उद्या देतो," म्हणायचे. "घरी विचारून सांगतो," म्हणायचे. आपला नंबर सांगायला घरी काय विचारायचं? मी चिडलो. त्या दुपारी अण्णा जेवायला गेल्यावर ताईनं दार लोटून घेतलं.

"सर, तो कोड अण्णांना वाचता यायचा नाय."

"मोबाइल वापरायला शिकवू की आपण."

"मोबाइल येतो त्यांना. दिसत नाय."

साखरेनं एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्यावर शहरातल्या दवाखान्यात दोनदा उपचार झाले, तरी तोही विझत आला होता. आता त्यांना माणसाची आकृती तेवढी कळायची, उजेड-अंधार कळायचा. चिठ्ठ्यांवरची मोठी अक्षरं सुरुवातीला त्यांच्यासाठीच होती. पुढं तीही दिसेनाशी झाली. चार वर्षं हजेरी, गेटपास, सगळं तीच करत होती, त्यांच्या नावानं. टँकर आले की मागच्या गेटच्या कॉम्प्युटरवरही तीच जायची, त्यांच्याच नावानं. अण्णा जागेवर बसून आवाजावरून माणूस सांगायचे, ती बोटांनी काम करायची.

"दोन वर्सं राह्यलीत त्यांची," ती म्हणाली. "तेवढी इज्जतीनं निघू द्या. माझा नंबर टाका ना त्यांच्या नावापुढं. कोड मी बघते."

मी "बघतो" म्हणालो आणि त्याच संध्याकाळी तिचा नंबर टाकून दिला. फार विचार केला नाही. घड्याळाचं तिनं सांगितलं होतं, त्याची परतफेड झाली, असं काहीसं वाटलं. ही दोघं कशाच्या आधारावर उभी आहेत आणि तो आधार आता माझ्या हातात आलाय, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

नवं लॉगिन सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी कारखान्यात मीटिंग होती. एचआरचे साहेब, आमच्या कंपनीचे मालक आणि मी. पडद्यावर माझी यादी होती. साहेबांनी त्यांच्याकडच्या नोंदींशी ती ताडून पाहिली होती. सगळे नंबर जुळत होते, एक सोडून.

"हा नंबर कुणाचा?"

तपासून सांगतो, एवढं म्हणायला काय लागलं असतं? मला सोमवारपर्यंत वेळ मिळाला असता. मी अण्णांशी बोललो असतो, ताईशी बोललो असतो, कदाचित साहेबांना एकटं गाठून सगळं समजावलंही असतं. पण शेजारी मालक बसले होते आणि माझ्या यादीत चूक निघाली होती. चूक माझी नाही हे मला दाखवायचं होतं.

"टाइम ऑफिसमध्ये कंत्राटी बाई आहेत, त्यांचा," मी म्हणालो.

"त्यांचा नंबर यांच्या नावापुढं का?"

मी पडद्यावरची यादी खालीवर करत राहिलो. साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "या माणसाच्या नावानं ती बाई काम करते का?"

"लॉग बघावे लागतील, कोण कुठून कधी आत आलं त्याच्या नोंदी."

"मग बघा."

मी त्यांच्यासमोर लॉग उघडले. अण्णांचं नाव एकाच वेळी टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही उघडं दिसत होतं आणि मागच्या गेटच्याही. रोज. टँकरांच्या वेळेला. मी ओळींवर बोट ठेवून साहेबांना समजावून सांगितलं, ही वेळ बघा, ही वेळ बघा. माझा आवाज अगदी शांत होता, ते मला आजही आठवतं.

साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. ते म्हणाले, "पंधराशे माणसांची हजेरी कुणी तरी तिसरंच माणूस भरतंय, हे मला माहीत नसावं?" त्यांचं म्हणणं खरं होतं. मी आज त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. म्हणूनच मला त्यांच्यावर राग धरता आलेला नाही, आणि त्यामुळं सगळा राग माझ्यावरच राहिलेला आहे.

शनिवार-रविवार मधे होते. मी कुणालाच काही कळवलं नाही. सोमवारी बघू, असं स्वतःला सांगितलं.

सोमवारी सकाळी नवं लॉगिन चालू झालं. सगळं सुरळीत चाललं. साडेबाराच्या सुमाराला साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुमचं मुख्य म्हणणं हे होतं ना, की एकदा बंद केलं की सगळीकडं बंद होतं? दाखवा."

"चाचणीचं एक खातं आहे, त्याच्यावर दाखवतो."

"चाचणीचं कशाला? हे घ्या." त्यांनी कागदावर नंबर लिहून पुढं सरकवला. अण्णांचा होता.

"त्यांना सांगितलंय का, सर?"

"दोन वाजता बोलावलंय त्यांना. कंपनीचे डॉक्टरही येतायत. तुम्ही करा."

मी खातं बंद केलं. हजेरी, गेटपास, कॅन्टीन, स्टोअर, चारही नावांपुढं लाल खूण उमटली. जुन्या पद्धतीत याला महिना लागला असता, चार लोकांना चार अर्ज द्यावे लागले असते, त्यातला एखादा हरवलाही असता. "वा!" आमचे मालक म्हणाले. मग आम्ही तिघं जेवायला निघालो.

कॅन्टीनच्या दारात रांग होती. अण्णा आमच्यापुढं पाच-सहा माणसं सोडून उभे होते, हातात ताट. त्यांची पाळी आली, त्यांनी कार्ड मशीनवर धरलं. मशीन कर्कश वाजलं. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा तसंच.

मागचा कामगार म्हणाला, "अण्णा, लाल लागलाय."

"मशीन खराब असंल," अण्णा म्हणाले आणि तिसऱ्यांदा कार्ड धरलं.

आतला वाढपी बाहेर आला, पडद्यावर वाकून म्हणाला, "अण्णा, बंद दाखवतंय तुमचं."

"माझं कसं बंद व्हईल? सव्वीस वर्षं झाली इथं."

कुणी तरी म्हणालं, "माझ्या कार्डावर घ्या, अण्णा." दुसरा म्हणाला, "अरे, घेऊ दे की त्यांना, काय कार्ड-कार्ड." पण अण्णांना ते नको होतं. त्यांनी ताट परत ठेवायला हात पुढं केला. ताटांची चवड डावीकडं होती. गोंधळात दिशा चुकून ते उजवीकडं चाचपडत राहिले. हात कट्ट्याच्या कडेवरून पुढं गेला, मागं आला, आमटीच्या पातेल्याला लागला. चटका बसला तसा त्यांनी झटकन मागं घेतला. ताट खाली पडलं आणि फरशीवर फिरत फिरत थांबलं. चार वर्षं जे कुणाला कळू दिलं नव्हतं ते त्या एका क्षणात सगळ्यांना कळलं. अण्णांनाही ते कळलं असावं, कारण ते तिथंच थांबले, दोन्ही हात शर्टाला पुसले आणि "बाजूला व्हा जरा" असं हलक्या आवाजात म्हणत, भिंतीला हात लावत बाहेर गेले.

मी त्यांच्यामागं गेलो नाही. पाहुण्यांच्या कुपनावर मी त्या दिवशी जेवलो. हे लिहू नये असं वाटतं, पण जेवलो. पोळ्या गरम होत्या.

दोन वाजता अण्णांना बोलावलं, डॉक्टरांनी डोळे तपासले, आणि त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. लिहिला दुसऱ्यानंच, त्यांचं बोट जिथं टेकवून दिलं तिथं अण्णांनी सही केली. कंत्राटदाराचा माणूस टाइम ऑफिसात गेला आणि ताईकडून अ‍ॅप्रन आणि पास मागून घेतला. ती अण्णांची वाट बघत बसली होती म्हणे. "अण्णा आल्याशिवाय कशी जाऊ, खिडकीवर माणसं हायेत," असं म्हणत होती.

दोन दिवसांनी मी बजाजनगरला तिची खोली शोधत गेलो. पत्र्याच्या खोल्यांची रांग, पुढं निळे ड्रम, प्रत्येक ड्रमला साखळी आणि कुलूप. ती उंबऱ्याशी बसून भांडी पोत्यात भरत होती. मला बघून उठली, पाटावर पडलेलं फडकं उचललं आणि बसायला जागा करून दिली. पाणी दिलं. मग समोर बसली.

"माझा नंबर हाय म्हून तुमीच सांगितलं ना?"

"हो."

"बरं केलं. कुणी इचारलं तर खोटं कशाला बोलायचं." ती थोडा वेळ पोत्याचं तोंड आवळत राहिली. मग म्हणाली, "पर भाऊ, मला आधी सांगायला पायजे व्हतं. म्या त्या दिशी अण्णांला जेवायला धाडलं नसतं."

तोवर ती मला सर म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा भाऊ म्हणाली, आणि तेच मला सोसलं नाही.

"सोमवारी डबा मी जास्तीचा आणला व्हता," ती म्हणाली. "मेथी व्हती, त्यांला आवडती. म्हणलं, इथंच खावा. तर म्हणले, नगं, आज नवीन मशीन सुरू झालंय, बघून येतो कसं चालतंय ते."

मी विचारलं, आता कुठं निघालात? जायकवाडीचं पाणी मागं हटलं होतं, तिथं धरणाच्या पोटात गाळावर गवत उगवलं होतं. दिराची मेंढरं तिकडं होती. नवऱ्याचंही गाड्या भरायचं काम कमी झालं होतं. दोघं जण दिराच्या वाड्यावर निघाले होते. वाडा म्हणजे धनगरांचा रानातला मुक्काम. "मेंढरामागं काय शिकायचं नसतंय," ती म्हणाली. "ते येतंच आमाला." मी म्हणालो, मी तुमच्यासाठी काम बघतो, कुठं तरी टायपिंगचं, तुमच्या स्वतःच्या नावावर. तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

मी बघितलंही. आमच्या मालकांना विचारलं; ते म्हणाले, आपल्याला टायपिस्ट कशाला लागतो? एचआरच्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, हुशार असेल हो, पण पदवी नाही, आणि आता या प्रकरणानंतर मी तिचं नाव कुठल्या तोंडानं सुचवू? आणखी दोन ठिकाणी फोन केले. मग दुसरं काम आलं, आणि विचारणं मागं पडलं.

अण्णांकडं जायला मला दीड महिना लागला. खुलताबादला बसमधून उतरलो तेव्हा उन्हानं दगड तापले होते. दर्ग्याच्या रस्त्यावरची दुकानं अर्धी बंद होती. त्यांचं घर गल्लीत आत होतं. ते ओसरीवर खाटेवर बसले होते. मी दारात उभा राहून नुसतं "अण्णा" म्हणालो.

"इंजिनिअरसाहेब," ते म्हणाले. "या. बसा."

त्यांच्या बायकोनं अर्धा तांब्या पाणी आणून दिलं आणि "टँकर आला नाय आज" म्हणून ओशाळून हसल्या. मी माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवून आणली होती. ती सुरू केली तशी अण्णांनी हात वर केला.

"तुमचं काम होतं ते. सोडा." थोड्या वेळानं म्हणाले, "तिचं काय झालं? काम धरलं का कुठं?"

"मेंढरांमागं गेली. जायकवाडीला."

त्यांनी चेहरा दाराच्या उजेडाकडं फिरवला. मला वाटलं रडतायत, पण डोळे कोरडे होते.

"ती झाडायला आली होती," ते म्हणाले. "वर्षभरात माझ्यापेक्षा चांगलं करायला लागली. मी एकदा साहेबांना जाऊन सांगितलं असतं, की या पोरीला क्लार्क म्हणून घ्या, हिला सगळं येतंय, तर तेव्हा घेतलंही असतं. तेव्हाचे साहेब चांगले होते. पण तिचं नाव पुढं केलं असतं तर मी उघडा पडलो असतो. चार वर्षं मी भ्यालो. ती माझी इज्जत सांभाळत होती आणि मी तिचं नाव दाबून बसलो होतो."

मी म्हणालो, "तिच्या मनात तसं काही नाही, अण्णा."

"तिच्या नसंल," ते म्हणाले. "माझ्या हाये."

चहा आला. बायकोनं कप पुढं केला तेव्हा त्यांनी सांगितलं, कपाचा कान माझ्या उजव्या हाताला असू दे. बशीचा आवाज न करता ते चहा प्यायले. निघताना मी पाया पडलो तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वैजापूरकडं पाऊस झाला का?" मी म्हणालो, "नाही अजून." "व्हईल," ते म्हणाले.

त्या वर्षी झाला नाही. पुढच्या वर्षी झाला. त्याच्या आधीच्या थंडीत अण्णा गेले. मला ते तीन आठवड्यांनी कळलं, वाळूजला दुसऱ्या कामाला गेलो असताना, सातशे बारा नंबरच्या कामगारानं गेटवर सांगितलं. त्यांच्या मातीला कारखान्यातनं दोन गाड्या भरून माणसं गेली होती. ताईला कुणी निरोप दिला का, असं मी विचारलं. कुणाकडं तिचा ठावठिकाणा नव्हता.

पाऊस झाला त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मोटरसायकल काढून धरणाकडं गेलो. पाणी वरपर्यंत आलं होतं. जिथं मागं दोन वर्षं मेंढरं चरत होती तिथं आता होड्या होत्या. कडेच्या गावात एका म्हाताऱ्या धनगराला विचारलं. खुलताबादच्या बाजूचा वाडा होता ना इथं, त्यात एक बाई होती, चांगली शिकलेली? तो म्हणाला, "पाणी चढलं तसे समदे उठले. कुणी शेवगावकडं गेलं, कुणी गंगापूरकडं. शिकलेली बाई म्हंजी ती, पोरांचे ऑनलाइन फारम भरून द्यायची, ती व्हय?" मी हो म्हणालो. ती नगरच्या बाजूला गेली असावी, असं तो म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, नाही, ती दुसरी. मी अजून दोन गावं फिरलो, ऊन उतरेपर्यंत, आणि परत आलो. सोमवारपासून शेंद्र्याच्या एका कारखान्यात हेच, सगळ्यांचं एक लॉगिन करायचं काम सुरू करायचं होतं.